ओवाळणीची वही

महालातलं आमचं जुनं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ लागला तो भांड्यांना. कपाटं, पलंग, पुस्तकं यांचा निकाल दोन रविवारांत लागला. पण स्वयंपाकघराच्या माळ्यावरून जे निघालं ते आवरायला मला आणि ताईला पाच दिवस लागले, कारण प्रत्येक भांडं हातात घेऊन वाचावं लागत होतं.

हो, वाचावंच लागत होतं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत. पितळेच्या मोठ्या गुंडावर हातानं ठोकून ठोकून काढलेली टिंबांची अक्षरं, त्यात आजीचं नाव आणि तिच्या मामांचं. कोपरावर आईचं नाव. गंजांवर कुणाकुणाच्या मुंजी, बारशी, सत्यनारायण. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: गुंड म्हणजे पाण्याची घागर, कोपर म्हणजे परात आणि गंज म्हणजे पातेलं. आमच्या नागपुरात हे तीन शब्द येत नसतील तर सासुरवाशिणीची पहिल्याच दिवशी फजिती होते.) पुढे स्टील आलं तशी अक्षरं बदलली. दुकानातल्या मशीनच्या टोकानं थरथरत काढलेली बारीक, तिरकी अक्षरं. "भाऊबीज", "दिवाळसण", "अधिक मास", खाली तारीख.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण त्या पाच दिवसांत मला वाटलं की ताम्रपट वाचणारे लोक यापेक्षा फार वेगळं काय करत असतील? कोणी, कोणाला, केव्हा, कोणत्या निमित्तानं दिलं. दान देणाऱ्याचं नाव मोठं, घेणाऱ्याचं लहान. सगळं तेच की.

नाव घालण्यामागे दोन कारणं होती. एक म्हणजे पंगतीत भांडी एकमेकांकडे जायची, ती परत ओळखू यावीत. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे आलेली वस्तू पुढे ढकलता येऊ नये. ब्लाउज पीसचं बघा. त्यावर नाव घालता येत नाही, म्हणून तो बिचारा आयुष्यभर फिरत राहतो. आमच्याकडे एक जांभळा, जरीच्या टिकल्यांचा ब्लाउज पीस होता. तो आईनं अकोल्याच्या मावशीची ओटी भरताना दिला. मावशीनं अमरावतीला कुणाला तरी दिला, आणि तीन वर्षांनी तोच, घडीवरच्या हळदीच्या डागासकट, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आमच्या घरी परत आला. आईनं तो डोळ्यांना लावला आणि पुन्हा कपाटात ठेवला. पुढच्या प्रवासासाठी :)

तर भांड्यांच्या त्या ढिगाऱ्यात एका डब्यात बाबांची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार वापरतात तशी. वरती बाबांच्या सुरेख अक्षरात "आहेर व ओवाळणी". डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर दिलेलं. सुरुवातीची काही पानं आजोबांच्या हातची, शाईनं लिहिलेली. नंतर सगळं बाबांचं. लग्नांची पानं वेगळी आणि भाऊबीजेला स्वतंत्र विभाग.

लहानपणी मला या वहीचा राग यायचा. भाऊबीजेच्या रात्री सगळे पाहुणे झोपले की बाबा कंदिलाच्या, पुढे बल्बच्या उजेडात ही वही काढून बसायचे. प्रेमाचा असा हिशेब कोण ठेवतं? पण वय वाढल्यावर कळलं की वही ठेवणारा माणूस कंजूस नसून घाबरलेला असतो. बहिणीला गेल्या वर्षीपेक्षा कमी दिलं गेलं तर? एका आत्याला नऊवारी आणि दुसरीला पातळ असं झालं तर? बाबा सरकारी कारकून. गिरणीतल्या लोकांना १९६५ च्या कायद्यानं बोनसचा हक्क तरी मिळाला. बाबांना मिळायचा तो सण अग्रीम. म्हणजे दिवाळीला पगाराबरोबर थोडे पैसे आगाऊ आणि मग महिन्या-महिन्याला हप्त्यानं कापून घेणार. दिवाळीची साडी आत्या फाल्गुनात नेसायची तेव्हाही बाबा तिचे हप्ते फेडत असायचे.

वही वाचत गेलं की नागपूरचाच इतिहास सापडतो. आजोबांच्या पानांवर बहिणींना दिलेलं असतं ते "लुगडे, रेशीमकाठी" किंवा "लुगडे, मिलचे". हा फरक साधा नाही. इथल्या कोष्टी विणकरांची रेशीमकाठी लुगडी ही नागपूरची जुनी ओळख. त्यातच १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. आसपास कापूस, दहाच वर्षांपूर्वी मुंबईहून आलेली रेल्वे आणि समोर बाजारपेठ, असा सगळा विचार त्यामागे होता. मग हातमागाचं महाग आणि मिलचं स्वस्त असं झालं, आणि त्याबरोबर भाऊबीजेत एक नवीन पंचाईत आली. कोणत्या बहिणीला कोणतं? आजोबांनी मार्ग काढला होता. एका वर्षी थोरलीला रेशीमकाठी, धाकटीला मिलचं. पुढच्या वर्षी उलट. वहीत दोघींच्या नावापुढे बारीक फुल्या आहेत, पाळी चुकू नये म्हणून. १९४३ मध्ये लढाईपायी कापडावर नियंत्रण आलं, आणि त्या सुमारास काही वर्षं दोघींच्याही नावापुढे कापडाऐवजी नुसते रुपये आहेत. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांची राहिली नाही, पुढे बंदच पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. गेल्या दिवाळीत बायकोनं तिच्या नणंदेसाठी साडी घेतली ती त्याच मॉलमध्ये, आणि ती सुरतेची होती.

सोन्याचंही तसंच. वहीत सोनं फार नाही, आमची ऐपतच नव्हती. पण १९६२ च्या दिवाळीत धाकट्या आत्याला बाळंतपणानंतरची पहिली भाऊबीज म्हणून "कानातले, पुढील वर्षी" असं वचन दिलेलं दिसतं. पुढच्या वर्षीच्या पानावर कानातलं नाही. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं होतं. नवीन दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही. इतवारीच्या सराफ्यात हातावर हात धरून बसलेले कारागीर बाबांना नेहमी आठवायचे. चौदा कॅरेटचं कानातलं आजीनं घरात येऊ दिलं नाही. "माझ्या लेकीला पितळ देता का?" एवढंच म्हणाली म्हणे. चौदा कॅरेटची अट तीन-चार वर्षांतच गेली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. ते कानातलं राहिलं ते राहिलंच. आत्या ऐंशी वर्षांची झाल्यावरही हसत हसत म्हणायची, "मोरारजीनं माझे कानातले खाल्ले."

गंमत म्हणजे शास्त्रात भाऊबीज उलटी आहे. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात यमद्वितीयेबद्दल वाचायला मिळतं. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, तेराव्या शतकातला, तो पुराणाच्या आधारानं सांगतो की त्या दिवशी पुरुषानं स्वतःच्या घरी जेवूच नये. बहिणीकडे जावं, तिच्या हातचं जेवावं आणि तिला वस्त्रं, दागिने द्यावेत. यम नाही का यमुनेकडे गेला? म्हणजे पायपीट भावाची. आपण काय केलं, तर बहिणीलाच माहेरी आणवायला लागलो. ती लेकरं, ट्रंका आणि चिवड्याचा डबा घेऊन एस.टी.त उभी राहून येणार, आल्यावर वहिनीच्या हाताखाली करंज्या तळणार, आणि मग पाटावर बसलेल्या भावाला ओवाळणार. अर्थात तिला माहेरी यायचंच असायचं, हेही खरं. मुराळी आणायला आला नाही तर मुली रडायच्या. पूर्वी आठव्या-दहाव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीला हा एक दिवस म्हणजे काय असेल, याची आपल्याला आज कल्पना करता येत नाही.

आमची थोरली आत्या जबलपूरला दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी आणि जबलपूर त्याच प्रांतातलं शहर. १ नोव्हेंबर १९५६ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी हातची गेली, कचेऱ्यांतली माणसं कोणी भोपाळला तर कोणी मुंबईला पाठवली गेली. आणि आत्या तिच्या स्वयंपाकघरातून न हलता परप्रांतात गेली. त्यानंतर तिचं येणं कमी होत गेलं. बाबा जायचे, गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं, सातपुड्याच्या जंगलातून. गाडी एवढी हळू की माणूस उतरून बोरं तोडून परत चढेल असं ते सांगायचे. ज्या वर्षी जाणं जमत नसे त्या वर्षी मनीऑर्डर. वहीत काही मनीऑर्डरींच्या पोचपावत्या चिकटवलेल्या आहेत, त्यावर आत्याची सही. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, दोन-चार ओळी लिहिण्यापुरतं. बाबा तिथं काय लिहायचे ते मला कधी कळणार नाही, कारण ते कुपन आत्याकडे राहायचं. पण पोचपावतीवर एकदा सहीच्या बाजूला जागा नसताना तिनं कोंबून लिहिलंय, "पैसे नको, ये."

यावर बाबांनी काय केलं? पुढच्या वर्षी अकरा रुपये जास्त पाठवले!

हीच तर खरी गोची आहे. देणाऱ्याला वाटतं वस्तू कमी पडली. घेणाऱ्याला मुळात ती वस्तू नकोच असते. माझ्या ताईला गुलाबी रंग आवडत नाही हे मला तिच्या लग्नानंतर चोवीस वर्षांनी कळलं. तोवर मी तिला किमान नऊ गुलाबी साड्या दिल्या असतील. खरं सांगायचं तर मी दिल्या नव्हत्या, माझ्या बायकोनं निवडल्या होत्या. घरोघरी हेच आहे. ओवाळणी भावाच्या नावाची, पण सीताबर्डीच्या गर्दीत चार दुकानं पालथी घालून, नणंदेची आवड, गेल्या वर्षीचा रंग, धाकट्या नणंदेच्या साडीची किंमत आणि घरातलं बजेट एवढं सगळं डोक्यात ठेवून खरेदी करते ती वहिनी. साडी आवडली तर भावाची माया, नाही आवडली तर वहिनीची निवड. आणि तीच वहिनी नणंदांची जेवणं उरकून संध्याकाळी पाचच्या गाडीनं तिच्या भावाला ओवाळायला निघालेली असते, ताट झाकून ठेवलेलं, स्वतः धड न जेवलेली. बाबांच्या वहीत आईच्या माहेरून आलेल्याची नोंद आहे. आईनं किती खरेद्या केल्या याची कुठेच नाही.

जावयांबद्दल तर बोलायलाच नको. अधिक मास दर अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो आणि तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा आणि जावयाच्या रुसण्याची भीती घेऊन येतो. (मी स्वतः जावई आहे. चांदीचे पाच दिवे माझ्याकडे आहेत. एकही लावलेला नाही.) असो.

या सगळ्या व्यवहारात हिशेबाबाहेर राहिलेली एकच देवाणघेवाण मला आठवते, ती दसऱ्याची. विदर्भात दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन घरोघरी जायचं, मोठ्यांच्या हातावर सोनं ठेवायचं, पाया पडायचं, चिवडा खायचा आणि पुढच्या घरी. तीच पानं रात्रीपर्यंत दहा हातांतून फिरायची. कोणी लिहून ठेवत नसे कोणाकडून किती पानं आली ते. रघुराजानं कौत्साला दिलेल्या चौदा कोटी मोहरांची कथा आजी दरवर्षी सांगायची. कुबेरानं पाऊस पाडला, कौत्सानं गुरूपुरत्या मोजून घेतल्या, राजा उरलेल्या घ्यायला तयार नाही, मग त्या लोकांनी लुटल्या. देणाऱ्यालाही नको आणि घेणाऱ्यालाही नको असं सोनं फक्त कथेत असतं, असं आता वाटतं. आणि आता झाडांची इतकी ओरबाड होते की पानंही देऊ नयेत हेच बरं.

बहिणींना मिळालेल्या ओवाळणीचं पुढे काय व्हायचं? पुष्कळदा ती तांदळाच्या डब्यात जायची. नवऱ्याला ठाऊक नसलेला तो एकमेव पैसा. २०१६ ची भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. आठवडाभरानं, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, आधी रडत आणि मग हसत. नुकतीच दिलेली ओवाळणी तर होतीच, पण तिच्याबरोबर आधीच्या दहा-बारा वर्षांचं सगळं बाहेर काढावं लागलं होतं. भावोजींसमोर पाटावर नोटा मोजल्या गेल्या. पैसे बुडाले नाहीत, बँकेत भरले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही असं सरकारनं सांगितलंही होतं. पण ताई म्हणाली, "पैशाचं काही नाही रे. पण ते माझे आहेत हे आता सगळ्यांना माहीत झालं."

ते वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्यात एक घडी घातलेला कागद होता. स्टॅम्प पेपरवरच्या दस्ताची नक्कल, १९७४ सालची. जबलपूरच्या आत्यानं बाबांच्या लाभात लिहून दिलेलं हक्कसोडपत्र, या महालातल्या घराबद्दलचं.

घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. ते १९७१ मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. धाकटी आत्या आणि तिच्या नावाचा वेगळा कागद असणार, तो मिळाला नाही. आमच्या घरात सगळ्यांचा पक्का समज असा, की मुलींना वडिलांच्या इस्टेटीत हक्क मिळाला तो २००५ च्या कायद्यानं. मीही तेच समजत होतो. पण एका वकील मित्रानं मला समजावून सांगितलं ते असं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ चा. वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्या दिवसापासून मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा. म्हणजे आजोबा गेले त्या क्षणी आत्या या घराची बाबांइतकीच मालक होती. २००५ मध्ये बदललं ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं. तिथं मुलगी जन्मानं सहहिस्सेदार झाली. महाराष्ट्रानं हे २२ जून १९९४ पासून केलंच होतं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ नंतरही वडील आधीच वारले असतील तर काय, यावर घोळ चालला. तो ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मिटवला. आमच्या घराला यातलं काहीच लागत नव्हतं. आमच्यासाठी १९५६ पुरेसं होतं.

मात्र त्या कायद्यात एक कलम २३ होतं. राहतं घर असेल तर मुलीला वाटणी मागता येणार नाही, घरातले पुरुष आपसात वाटून घेत नाहीत तोवर. तिथं राहायचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या मुलीला. म्हणजे आत्या मालक, पण तिला घर मागता येणार नाही आणि हक्कानं राहताही येणार नाही. ती येणार भाऊबीजेला पाहुणी म्हणून. हे कलम २००५ मध्ये काढलं गेलं.

ज्या हिंदू कोड बिलातून हे कायदे निघाले, त्यासाठी बाबासाहेब आंबेडकर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. १९५६ मध्ये कायदा झाला त्याच वर्षी दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, ते नागपुरात होते. आमच्या घरापासून दीक्षाभूमी फार लांब नाही. आजोबांना दीक्षेची गर्दी आठवत होती, लोंढेच्या लोंढे जाताना त्यांनी पाहिले होते. आपल्या लेकींना या माणसामुळे काही मिळालंय, हे मात्र त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही.

जुन्या शास्त्रालाही दोष देता येत नाही. भावांनी आपापल्या वाट्यातला चौथा हिस्सा कुवार बहिणीला द्यावा, असं मनुस्मृतीतही आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही. काही टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला की लग्नाचा खर्च केला म्हणजे झालं. मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानं तर हा अर्थ नाकारला आहे, हिस्सा म्हणजे हिस्साच असं त्याचं म्हणणं. पण घराघरांत विज्ञानेश्वर हरला. "तुझ्या लग्नात केलं की सगळं," हे वाक्य माझ्या आजीनं आत्यांना ऐकवलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आत्याच्या त्या दस्तात एक वाक्य आहे. अर्जनवीसांच्या ठरलेल्या भाषेतलं, अशा हजारो दस्तांत असेल. लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून तिनं आपला अविभक्त हिस्सा प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता सोडून दिला आहे, अशा अर्थाचं.

मी ते वाचलं आणि वहीतलं १९७४ चं पान काढलं. उजव्या बाजूला, दिलेल्यात: थोरल्या आत्याला करवतकाठी टसर साडी. भंडाऱ्याकडची, बाबांच्या पगाराच्या मानानं फारच महाग. बाजूला किंमत आहे आणि ती त्या विभागातली सर्वांत मोठी रक्कम आहे. डाव्या बाजूला, आलेल्यात: जबलपूरहून खोव्याची जिलेबी, एक डबा.

बस. तिसरा हिस्सा घर आलं होतं. वहीत जिलेबी लिहिली आहे. एवढी नेमकी वही ठेवणाऱ्या, अकरा रुपयांचा फरक टिपणाऱ्या माझ्या बाबांना ते "आलेलं" वाटलंच नाही. मला त्यांची बाजूही कळते. घर त्यांनी सांभाळलं, कौलं बदलली, आजीचं शेवटपर्यंत केलं, कर भरला. आत्याला विचारलं असतं तर तिनं आनंदानंच दिलं असतं. तिनं दिलंच. पण तिच्याकडे नाही म्हणायची सोय होती का? नाही म्हटलं असतं तर पुढच्या दिवाळीला ती कुठे आली असती?

हे सगळं मी इतक्या तावातावानं लिहितोय, तर आता माझंही सांगायला हवं. बाबा आणि आई दोघेही गेल्यावर घर माझ्या आणि ताईच्या नावावर लागलं. आखीव पत्रिकेवर दोघांची नावं आहेत. बिल्डरशी बोलणी सुरू झाली तेव्हा कागदपत्रं सोपी व्हावीत म्हणून मी एक मसुदा करून घेतला होता. ताईचं हक्कसोडपत्र. बहिणीनं भावाला द्यायचं तर मुद्रांक शुल्कही नाममात्र लागतं, हे मला कोणीतरी आवर्जून सांगितलं होतं. मी ताईला तसं फोनवर बोललोही होतो. ती लगेच म्हणाली, "कधी येऊ सही करायला?" मी मनात म्हटलं, यंदा तिला चांगली पैठणी घेऊ.

म्हणजे बाबांची टसर आणि माझी पैठणी. पन्नास वर्षांत कापड तेवढं बदललं.

भांडी आवरण्याच्या चौथ्या दिवशी मी तिला आत्याचा दस्त दाखवला. तिनं तो चष्मा लावून दोनदा वाचला. मग तिनंच सांगितलं की आत्या शेवटच्या आजारात तिच्याजवळ एकदा म्हणाली होती, महालातल्या घराच्या मागच्या अंगणात जो कढीपत्ता आहे तो तिनं लावलेला आहे, कुणाला सांगू नको, उगाच तुझ्या बाबांना वाटेल मी काही मागून राहिली.

मी म्हटलं, "तुझ्या सहीचा तो मसुदा मी फाडून टाकतो. बिल्डरकडून जे येईल ते निम्मं-निम्मं."

मला वाटलं होतं ती नको नको म्हणेल, आणि मग मी आग्रह करीन. तशी तयारी केली होती मी. ती काहीच बोलली नाही. बराच वेळ आजीच्या गुंडावरची टिंबं अंगठ्यानं पुसत बसली. मग म्हणाली, "वहिनीला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. रात्री घरी जाऊन विचारलं. बायको म्हणाली, "हे मला दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं तुम्ही. आणि माझ्या भावाचा पण एक कागद येऊन पडलाय ड्रॉवरमध्ये, मागच्या महिन्यापासून. सही मागून राहिला तो."

तो कागद अजून ड्रॉवरमध्येच आहे. भाऊबीजेला ती नेहमीप्रमाणे पाचच्या गाडीनं गेली, येताना साडी घेऊन आली. गुलाबी.

आजीचा गुंड ताई अमरावतीला घेऊन गेली. कोपर माझ्याकडे. बाकीची भांडी मोडीत घातली. मोडवाल्यानं वजन करताना नावं वाचली नाहीत.